जगात जर्मनी, परभणीत सुभेदारमामा

सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आपल्याकडं बहुधा बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेला दिसतो. परभणीच्या सुभेदारमामांनाही ती नोकरी चालून आली होती. "जी बंदूक उडवायचीच नाही, ती धरून बसायची कामून?" म्हणत त्यांनी ती नाकारली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गल्लीतल्या लेकरांना नेमबाजी शिकवायला सुरुवात केली. तिथं आलेल्या लेकराला पहिला महिनाभर बंदूक उडवायला तर मिळत नाहीच, धरायलाही मिळत नाही.

शेडमध्ये पूर्वी कापूस भरायचे. आता एका टोकाला चुन्याची रेघ आहे. तिथून टेपनं मोजून 10 मीटरवर कागदी लक्ष्य, त्यामागं गोधडी आणि गोधडीमागं वाळूची पोती. दारावर खडूनं लिहिलंय, 'आत येण्याआधी खोकावे.' मामींनाही यातून सूट नाही. चहा घेऊन येताना त्या इतक्या जोरात खोकतात, की नवीन पोरगं दचकतंच.

गर्दी झाली ती 1 ऑगस्ट 2024 नंतर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुण करून कांस्य घेतलं. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते हेच. लेकरांनी पदक पाहिलं. बापांनी पाहिलं, की गडी रेल्वेत टीसी आहे. दुसऱ्याच दिवसापासून मामांच्या दारात चपला वाढल्या. प्रत्येक बाप आधी पाच टक्के खेळाडू आरक्षणाबद्दल विचारायचा आणि मग आवाज खाली आणून लायसनबद्दल. 4.5 मिलिमीटर नळीच्या, 20 ज्यूलच्या आतल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही, हे मामा रोज सांगतात. ते ऐकून एका शेतकऱ्याचे डोळे चमकले. "मग तुरीत रोही लई शिरूलालेत मामा, दोन दिवस न्यावी का?" मामांनी त्याला चहा न पाजताच वाटेला लावलं. सजीवाकडं नळी वळवणाऱ्याला शेडमध्ये जागा नाही, मग तो सजीव कुणाची का तूर खाईना.

लेकरांची अडचण वेगळी. परभणीच्या पोराचा बंदुकीशी पहिला संबंध येतो तो फेब्रुवारीत, तुराबुल हक साहेबांच्या उरुसातल्या फुग्यांच्या दुकानावर. "मला येतं मामा, मी सगळे फुगे फोडले होते," म्हणत पोरगं छाती काढून उभं राहतं. मामांचं उत्तर ठरलेलं : "फुगा कुठंही लागला तरी फुटतो. इथं दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. आणि उरुसातल्या बंदुकीची माशी वाकडी असते. तिच्यावर शिकलेला जन्मभर डावीकडंच मारतो." मग पोराला भिंतीकडं तोंड करून नुसतं उभं केलं जातं. पाय किती फाकवायचे, कंबर कुठं सोडायची, श्वास कधी थांबवायचा. मे महिन्यात वरचा पत्रा तापलेला, खाली पोरगं घामाघूम, आणि मामा खुर्चीवर, "हलूलालास."

या पहिल्या महिन्यात निम्मी लेकरं गळतात आणि क्रिकेटला जातात. मामांना त्याचं दुःख नसतं. उलट, गळालेल्यांचा हिशेब ते अभिमानानं सांगतात.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आपण सगळे सवयीनं फेकतो. ती शब्दशः मानणारा माणूस मी एकच पाहिला. मामांच्या मते जर्मनीचा भाग तर सिद्धच झालेला आहे : वाल्थर आणि अँशुट्झ या बंदुका उल्मच्या, फाइनवेर्कबाऊ ओबर्नडॉर्फची. परभणीचा भाग तेवढा बाकी आहे आणि तो त्यांच्याकडं आहे. कुठल्याशा कॅटलॉगातून कापलेला अँशुट्झचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलाय. लाखालाखाच्या त्या बंदुकीला रोज उदबत्ती मिळते, आणि शिकवणी चालते नळी मोडून एकेक छर्रा भरायच्या देशी बंदुकीवर.

महिना टिकलेल्यांत आमच्या गल्लीतली आठवीतली एक मुलगी होती. बंदूक हातात आली तरी छर्रा नाही. नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. सोबत मामांचा फौजी जप : "मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन." नाणं पडलं, की मामी आतून ओळखायच्या, "पडलं का?" शेवटी एका संध्याकाळी नाणं राहिलं. मामांनी डबा उघडला आणि एक छर्रा तिच्या तळहातावर असा ठेवला, की प्रसाद देणारा गुरवही बघत राहिला असता. तिनं नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. "ठो"ऐवजी नुसतंच "फट्". तिचा कागद कोरा! शेजारच्या पोराच्या कागदावर मात्र मधोमध भोक.

पोरगी रडायच्या बेतात. मामा उठून उभे राहिले. "अथेन्स, 2004," त्यांनी घोषणा केली. "अमेरिकेचा एमन्स. थ्री पोझिशनच. सुवर्ण खिशात, एकच गोळी बाकी, आणि ती मारली शेजाऱ्याच्या लक्ष्यावर. पहिला होता, आठवा आला. बाई, तू पहिल्याच दिवशी ऑलिंपिकची चूक केलीस!" त्यांनी तो कागद काढला, मागं तारीख घातली आणि तिच्या हातात दिला. मग ताबडतोब आवाज चढवला, "नळी खाली! आणि घरी जाऊन हात धू आधी, छर्ऱ्यात शिसं असतं."

मुलगी अजून जाते. तिचे वडील अधूनमधून सर्टिफिकेट कधी मिळेल ते विचारतात, आणि मामा त्यांना भिंतीकडं तोंड करून उभं राहायला सांगतात.

तुमच्या घरात असं लेकरू असेल तर जरूर पाठवा. फी नाही, छर्ऱ्यांचा डबा आपापला आणायचा. वेळ संध्याकाळी साडेपाच. ती बोर्डाच्या परीक्षेसाठीही बदलत नाही. आणि बापानं बाहेरच थांबायचं.