खो मिळण्याआधी उठू नये

संपादकांचा निरोप आला : खेळावरचे थिल्लर विनोदी सिनेमे खरंच हसवतात का, याचा एकदाचा निकाल लावा. असल्या निकालासाठी मुंबईत समीक्षक पाळलेले आहेत. पण समीक्षक हसण्याआधी शेजारच्या खुर्चीतला हसतोय का ते बघतो आणि शेजारचा याच्याकडे बघत असतो. दोघंही कोरडेच घरी जातात आणि ‘मध्यंतरानंतर पकड सैल होते’ असं लिहून मोकळे होतात. म्हणून मी खटला तामलवाडीला नेला.

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की तामलवाडीचा टोलनाका लागतो. कोजागरीला आईच्या दर्शनाला पायी निघालेली अख्खी गर्दी याच रस्त्यानं जाते. एरवी ट्रक जातात. रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या हॉटेलात साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही न्यायालय भरवलं. पंच चार. चुरगळलेल्या कानांचे तात्या, हे जुने पैलवान. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा, जो पहाटे पळतो आणि दिवसभर त्याबद्दल बोलतो. टायर पंक्चर झाल्यामुळे नाइलाजानं रसिक झालेला एक ट्रकवाला. आणि भज्यांच्या कढईपाशी काकू. त्यांना पंच म्हणून कुणी नेमलं नव्हतं.

पहिला आरोपी, २००९चा ‘दिल बोले हडिप्पा’. राणी मुखर्जी दाढीमिशी लावून पुरुषांच्या क्रिकेट संघात शिरते. ट्रकवाला हसला. तात्यांनी त्याला तिथंच अडवलं. “यात्रंतल्या सोंगाची मिशी उन्हात अर्ध्या तासात व्हटावर उतरती. हिची दाढी सगळी मॅच टिकली. ह्याला विनोद म्हणायचं का चमत्कार?” भरतीवाल्याचं म्हणणं, एवढा विचार करून कुणी हसतं का? तात्या म्हणाले, “इचार न करता हसू आलं असतं तर इचार कशाला केला असता?” या वाक्यावर पाच मिनिटं खल झाला. समीक्षेच्या शिबिरात याच्यासाठी तीन दिवस आणि जेवण देतात.

दुसरा, स्टीफन चाओचा ‘शाओलिन सॉकर’, साल २००१, आपल्याकडे हिंदी बोलणारा. कुंग-फू शिकलेली पण पोटासाठी वणवण करणारी माणसं फुटबॉल खेळतात. लाथ बसली की चेंडू पेटतो, वारा सुटतो, गोलरक्षक जाळ्यासकट उडतो. तर्काला पूर्ण सुट्टी. मी लेखणी सरसावली, हा नक्की फासावर जाणार. तेवढ्यात मागून चर्र आवाज आला. काकू पडद्याकडे बघत हसत होत्या आणि शेगडीवरचं दूध उतू चाललं होतं. मी तिथल्या तिथं नोंद केली : अर्धा लिटर. हशा मोजायचं याहून विश्वासू माप मला ठाऊक नाही. वर्तमानपत्रांच्या तारका फुकट वाटता येतात, दूध नाही.

“कशाला हसायलाव ओ काकू? ह्यात खरं तर काहीच नाही,” भरतीवाला म्हणाला.

काकू शाळेत खो-खो खेळलेल्या. हा धाराशिव जिल्हाच खो-खोचा. इथल्या सारिका काळेंना २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, हे काकू गिऱ्हाइकाला चहाबरोबर सांगतात. त्या म्हणाल्या, “हे बघ, आठ जणी एकाआड एक तोंडं फिरवून बसतात. खो पाठीमागून मिळतो. हात लागायच्या आत उठली की फाऊल. तुमच्या त्या हिंदी पिक्चरात माणूस पडायच्या आधीच ‘टुंइंग’ वाजतं. म्हणजे खो मिळायच्या आत उठले की सगळे. ह्या चिन्यानं पाठीत खो दिला. मला ठावंच नव्हतं, कुठनं आला.”

दोन वाक्यांत एवढं सांगायला मला तीस वर्षं जमलेलं नाही. मी भजी मागवली.

तिसऱ्या खटल्यात घोळ झाला. देव आनंदचा १९९०चा ‘अव्वल नंबर’ हा विनोदी सिनेमा नाही, निदान देव आनंदना तसं वाटलं नव्हतं. त्यात ते स्वतःच पोलीस अधिकारी, स्वतःच क्रिकेटचे कर्तेधर्ते. तरणाबांड आमिर खान फलंदाज आणि संघातून वगळलेला आदित्य पांचोली सुडानं पेटलेला. वीस मिनिटांत ट्रकवाला बाकावरून खाली. याला विनोदी धरायचं का? तात्यांनी निवाडा दिला, “चितपट ती चितपट. डाव लागला का पाय घसरला, हे कुणी इचारत नाही.”

तात्या रंगात आले होते. तेवढ्यात भरतीवाल्यानं नको तो विषय काढला. “तात्या, पिक्चरातल्या लाथंला हसता, मग अहिल्यानगरच्या लाथंला का नाही हसलाव?”

२०२५च्या फेब्रुवारीतली महाराष्ट्र केसरी. निकालावरून वाद, पंचाला लाथ, अंतिम कुस्तीत दुसऱ्या मल्लानं मैदान सोडलं, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी. तात्या गप्प. पोरगं थांबेना. “आन् २०२३च्या नोव्हेंबरात एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक पुण्याकडं फुलगावला आन् एक आपल्या धाराशिवला. दोन संघटना, दोन गदा!” खरं सांगतो, हे कुणी पटकथेत लिहिलं असतं तर निर्मात्यानं ‘फारच थिल्लर होतंय’ म्हणून कापलं असतं.

“मी गेलतो धाराशिवला,” तात्या म्हणाले. “कुस्त्या खऱ्या झाल्या. पोरांनी घाम खरा गाळला. घरी आलो तर नातवानं इचारलं, आजोबा, ह्यो ओरिजिनल का?”

कुणी हसलं नाही. ट्रकवाला उगाच चाक बघून आला. मीही वहीत काही लिहिलं नाही.

ते अवघडलेपण काकूंना सोसेना. “ते सोडा. खो-खोवर पिक्चर निघाला तर काय करतील सांगू? बाईला खांबाला धडकवतील आन् वर ढोलकी वाजवतील. खांबाला धडकत नसतंय कुणी. असा एका हातानं धरायचा, अंग असं बाहेर टाकायचं...” आणि साठीच्या काकूंनी पत्र्याच्या शेडचा लोखंडी खांब डाव्या हातानं धरून खरोखरच झोकात वळण घेतलं. उजव्या हातात झारा होता, हे त्याच विसरल्या होत्या. गरम तेलाचा एक थेंब सुटला आणि बरोबर तात्यांच्या पाठीवर बसला.

साठ-सत्तरच्या दशकातला तो पैलवान बाकावरून असा उठला की समोरचा चहा भरतीवाल्याच्या मांडीवर आणि भरतीवाला थेट टोलनाक्याच्या दिशेला. वेळ मोजली असती तर भरती पक्की होती. ट्रकवाला पोट धरून बसला. काकू खांब न सोडताच हसत होत्या. वहीत नोंद आहे : हशा, तात्या सोडून सगळ्यांचा.

तात्या पाठ चोळत सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. “ह्यात हसण्यासारखं काय हाय?” त्यांनी विचारलं.