कॉलीधारक: भोर-वेल्ह्यातील एक मनुष्यप्रकार

भोर आणि वेल्हे तालुक्यांत फार्महाउसांच्या पाठोपाठ जो नवा मनुष्यप्रकार रुजला आहे, त्यास सोयीसाठी कॉलीधारक म्हणता येईल. तो बहुधा पुण्यातला, निवृत्त किंवा निवृत्तीच्या वाटेवरचा गृहस्थ असतो. भाटघर किंवा गुंजवणी धरणाच्या आसपास त्याने काही गुंठे घेतलेले असतात, आणि मोकळी जागा मिळाली की कुत्री शांत होईल, या भरवशावर कोथरूडच्या फ्लॅटमधली बॉर्डर कॉली त्याने येथे आणलेली असते. ती शांत होत नाही. मोकळ्यावर तिला अधिक लांबचे कुत्रे दिसतात, एवढाच फरक पडतो.

बॉर्डर कॉली ही इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागात मेंढ्या वळण्यासाठी घडवलेली जात असून तिचे मुख्य हत्यार भुंकणे नव्हे, तर रोखलेली नजर हे आहे. लांडग्याच्या शिकारीतील टक लावणे, दबा धरणे आणि पाठलाग या पायऱ्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून तिच्यात जोपासल्या आणि पुढचा चावा बोथट केला. मेंढी या नजरेने मुकाट वळते. मार्गासनीसारख्या इथल्या गावातला कुत्रा मात्र वळत नाही, कारण श्वानसमाजात अनोळख्याकडे टक लावून पाहणे हा उघड अपमान समजला जातो. तो गुरगुरतो, कॉली पट्ट्याला हिसडे देत भुंकू लागते, आणि पट्ट्यामुळे तिला धड पुढे जाता येत नाही की मागे पळता येत नाही, म्हणून तिचा आवेश वाढतच जातो. अशा कुत्र्यास जाणकार ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे दुसरे कुत्रे दिसताच भडकणारे, म्हणतात. चहाच्या टपरीवरील निदान असे असते: “सायेब, कुत्रं भितंय.” बहुतेक वेळा ते बरोबर असते.

कॉलीधारकाचे सारे आयुष्य ‘थ्रेशोल्ड’भोवती फिरते. ज्या अंतरापलीकडे दुसरा कुत्रा दिसूनही आपली कुत्री भानावर राहते, ते हे अंतर; ते तो फुटांत न सांगता ‘देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत’ असे सांगतो. कमरेच्या पिशवीत उकडलेल्या चिकनचे तुकडे असतात, कारण दुसरा कुत्रा दिसला की भुंकण्याआधीच तुकडा द्यावयाचा, म्हणजे पुढे कुत्रा दिसणे हीच तिला आनंदाची बातमी वाटू लागते, असे हे शास्त्र आहे. शास्त्र खरे आहे. फक्त कॉलीला त्याचा गुण येण्यास महिने लागतात, तर गावातल्या कुत्र्यांना तो दोन दिवसांत येतो आणि ती पहाटेच फाटकाशी हजेरी लावतात. मग कॉलीधारक वळणावर थबकतो, उभ्या टेम्पोआड लपतो, आणि समोरून सरपंचांनी राम राम केला तरी “मागे कुत्रा आहे का?” एवढेच विचारतो. सोसायटीच्या बैठकीतही ह्यांचे असेच असायचे, असे त्याच्या सौभाग्यवतींचे मत पडते. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली; स्वभाव बदलण्याचे काम मात्र इतके सोपे नाही.)

दिवाळीनंतर फलटण, बारामतीकडचे धनगर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे उतरतात आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी ती बसवतात. तेव्हा कॉलीधारकाची आशा पालवते, आणि रक्त आता बोलेल या खात्रीने तो कुत्रीला वाड्याजवळ, म्हणजे धनगरांच्या उघड्यावरील मुक्कामाजवळ, नेतो. “ही राखती का?” असा प्रश्न येतो. “नाही, मेंढ्या वळते.” “वळायला पोरं हायती की.” धनगराचा कुत्रा राखणीचा असतो, मेंढरांना दिशा दाखवणे हे त्याचे काम नसून रात्री बिबट्याची किंवा परक्या कुत्र्याची चाहूल लागताच वाडा जागा करणे हे त्याचे काम असते. त्यामुळे कॉली दिसताच तोही तितक्याच त्वेषाने भुंकतो. त्याला भुंकल्याबद्दल भाकरी मिळते, हिला न भुंकल्याबद्दल चिकन. कॉलीधारक परतीच्या वाटेवर या हिशेबाचा बराच वेळ विचार करतो आणि घरी येऊन नव्या प्रशिक्षकाची चौकशी करतो.

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे जाणाऱ्या प्रवाशांनी इतकेच ध्यानात घ्यावे की, पट्टा धरलेला गृहस्थ आपल्याला पाहून एकाएकी पाठ फिरवून चालू लागला, तर तो उद्धटपणा नसून उपचाराचा भाग असतो. अशा वेळी “आमचा काही करत नाही हो!” असे ओरडून त्याला धीर देऊ नये, आपल्या कुत्र्याला तेवढा पट्टा लावावा.