ढकलपास

गेल्या काही वर्षांत नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांना काचेची दारं फुटली. (फुटली म्हणजे उगवली. जी खरोखर फुटली त्यांचा हिशेब दुकानदारांकडे.) पतसंस्था, दवाखाना, मोबाईलचं दुकान, जिकडे जावं तिकडे काच आणि काचेवर पुश किंवा पुल. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, पण ही जोडी कुणी बदलली नाही. आपला माणूस त्या पाटीच्या नादी लागत नाही. तो आधी ढकलतो. उघडलं नाही तर ओढतो. तरीही उघडलं नाही तर आतल्या माणसाकडे बघून ओशाळं हसतो. मग आतला माणूस हाताने खूण करतो, की ते बाजूला सरकवायचं आहे.

वाड्याच्या दाराला असली भानगड नव्हती. येणारा दार लोटून आत यायचा आणि जाणाऱ्याला घरातून हाक यायची, ‘दार लोटून घे रे.’ उघडायला लोटणं, मिटायलाही लोटणंच. एका क्रियापदात दाराचा संसार भागायचा.

या कटकटीतून सबंध जिल्ह्यात एकच गाव सुटलेलं, नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना चौकट आहे, दार नाही. चोराचं शनिमहाराज बघून घेतात. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली, पण तिला काचेचं दार बसवलंच. साडेसाती टळते, काच टळत नाही.

माझा या शब्दांशी संबंध पोटापाण्याचा. प्रवरेच्या काठच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो. क्रमिक पुस्तकात प्रेस, स्क्वीझ आणि क्रश एका रांगेत आले की माझ्या पोटात गोळा येतो. शब्दकोश उघडावा तर पहिल्याला दाबणे, दुसऱ्याला दाबणे, तिसऱ्याला चांगलं दाबणे. मुलांच्या लेखी प्रेस म्हणजे इस्त्री, नाहीतर तहसील कचेरीबाहेर चहा पिणारे पत्रकार. क्रश म्हणजे काय हे तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तो शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून खसखस पिकली आणि दोन मुलींनी वहीत तोंड खुपसलं.

स्क्वीझला मी श्रीगोंद्याचं लिंबू वापरतो. वर्गात लिंबू पिळलं की शब्द समजतो, आणि उरलेलं लिंबू शिक्षकखोलीत पोह्यांवर जातं. पण क्रशचा अर्थ मी ‘चिरडणे’ सांगितला, आणि पुढे उदाहरण दिलं की साखर कारखान्यात ऊस क्रश करतात. तेव्हा गव्हाणीवर कामाला असलेल्या एका माणसाचा मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘सर, ऊस चिरडत नसत्यात. गाळत्यात.’

त्याला खाली बसवावं असं माझ्यातल्या मास्तराला वाटलं, पण पोराचं ऐकण्यासारखं होतं. हा मुलूखच गाळपाचा. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांना गोळा करून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. तेव्हापासून इथल्या मुलाला बाराखडीच्या आधी हंगाम कळतो. गव्हाणीत मोळी पडते. सुऱ्यांखाली उसाचे तुकडे होतात, त्यांचा चुरा होतो. हे झालं क्रश. मग तो चुरा तीन-तीन रुळांच्या चरकांतून एकामागून एक जातो आणि रस सोडतो. हे स्क्वीझ. नुसत्या दाबाने सगळा रस निघत नाही, म्हणून मधेच त्यावर पाणी मारून पुन्हा पिळतात. शेवटी रसातली घाण वेगळी होते, तिला शेतकरीसुद्धा प्रेसमडच म्हणतो आणि ट्रॉली भरून शेतात नेऊन टाकतो. ज्या तीन शब्दांसाठी मी लिंबं नासत होतो, ते तिन्ही एका पत्र्याखाली तीन पाळ्यांत कामाला होते.

आणि आपण त्या सगळ्याला म्हणतो गाळप. साहेबाचं लक्ष उसाचं काय झालं याकडे. आपलं लक्ष खाली काय पडलं याकडे. उतारा किती, भाव किती? उसाला काय वाटलं, हे साहेबाला विचारा.

ओढण्याच्या बाबतीत मात्र इंग्रजीसमोर हात टेकले. पुल, ड्रॅग, टग, टो, हॉल. टग रस्सीखेचीवर भागला. टो सोपा गेला, कारण बंद पडलेली वडाप जीप ट्रॅक्टरला बांधून नेताना मुलांनी पाहिली होती. (ती सुरू होईपर्यंत उतारूंनी जे केलं, ते पुश.) हॉलला नगरचीच तोफ कामी आली. मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये निजामशाहीत इथे ओतली गेली, वजन पंचावन्न टनांच्या घरात. पुढे ती परांड्याला गेली आणि तिथून विजापूरला. त्या शेवटच्या प्रवासाला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. तर एवढं अवजड धूड नेटाने ओढत नेणं म्हणजे हॉल, असं मी सांगितलं. तोच मुलगा पुन्हा उभा. ‘सर, पण बैलांसाठी तर ते ड्रॅगच झालं ना? हॉल म्हणणारा हत्तीवर बसला आसंल.’

यावर शब्दकोशात काही नाही.

एका ठिकाणी मात्र मी मुलांना बजावून ठेवतो. इंग्रजीत एखाद्याचा पाय ओढणं म्हणजे थट्टा करणं. हा अर्थ घेऊन आपल्याकडच्या कारखान्याच्या निवडणुकीत कुणी उतरू नये. तिथे पाय ओढला की माणूस पॅनलसकट खाली येतो आणि पाच वर्षं कुणी हसत नाही. रेट्याचंही तसंच. ढकलणाऱ्याला तोंड असतं, वळून त्याच्याशी भांडता येतं. गुरुवारी शिर्डीच्या रांगेत मागून येतो तो रेटा. तो कुणाचाच नसतो, ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘मलाबी मागूनच आला.’ पुशमध्ये हा बिनधन्याचा जोर बसत नाही.

परीक्षेत त्या मुलाने हॉलच्या स्पेलिंगमध्ये मंगल कार्यालय लिहिलं आणि प्रेसच्या जागी इस्त्रीचं चित्र काढलं. मार्क द्यायला हात धजेना, नापास करायलाही धजेना. प्रगतिपुस्तकावर ‘वरच्या वर्गात घातले’ असं लिहिलं. निकालाच्या दिवशी वडील रात्रपाळी करून थेट शाळेत आले, अंगाला अजून मळीचा वास. शिपायाने दारातच सांगून टाकलं होतं, पोरगा ढकलपास.

‘सर,’ ते म्हणाले, ‘ढकलला म्हणू नका. गावात चांगलं दिसत न्हाई. वढून घेतला म्हणा.’