घावलं न्हाई अजून

उसाचा हंगाम लागला की बिद्रीत कारखान्याच्या वाटेवर ट्रॉल्यांची रांग लागते आणि माणसांच्या तोंडी टोळी, काटा आणि बिल याखेरीज विषय नसतो. आमच्या शेजारच्या अण्णांना असतो. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, आणि म्हैस सांभाळावी तसा ते तो सांभाळतात. आज अंग का तापलंय, आवाज कसला करतंय, सगळ्यावर लक्ष.

परवा भाच्याच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. लॅपटॉपचं मूळचं वायफाय केव्हाच मेलेलं, म्हणून अण्णांनी नखाएवढा यूएसबी डोंगल आणलेला. खोचला. काही नाही. दुसऱ्या भोकात खोचला, तिसऱ्या भोकात फुंकर मारून खोचला. चिडीचूप शांतता. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, वेड गेल्याशिवाय लग्न होईना.

"मामा, मोबाईल केबलनं जोडू या की," भाचा म्हणाला. जोडला. नेट आलं, फॉर्म भरून झाला.

"झालं न्हवं अण्णा?" मी उठत म्हणालो.

"बसा वो. प्रश्न नेटचा न्हाईच."

टर्मिनलची काळी खिडकी उघडली. एलएसयूएसबी म्हटलं की जोडलेल्या वस्तूंची यादी येते. अण्णांनी डोंगल काढून यादी घेतली, खोचून घेतली, आणि सातबारा वाचावा तसं ओळीवर बोट ठेवून दोन्ही ताडून पाहिल्या. एक ओळ जास्त. मग डीमेसेग, म्हणजे कर्नलची, लिनक्सच्या गाभ्याची, रोजनिशी. तिच्यात डोंगलच्या नावापुढं लिहिलेलं : सीडी-रॉम!

"आयला, बहुरूपी हाय ह्यो!"

खरंच होता. असले कितीतरी डोंगल विंडोजचा ड्रायव्हर पोटातच घेऊन येतात आणि आधी सीडीचं सोंग घेतात. विंडोजवर ड्रायव्हर बसला की सोंग उतरतं. लिनक्सवर ते उतरवायला यूएसबी मोडस्विच लागतं, कधी ती खोटी सीडी 'इजेक्ट' केली तरी भागतं. अण्णांनी इजेक्ट म्हटलं. यादीत तोच डोंगल नव्या नंबरानं उभा!

तरी वायफाय नाही. डोंगलातली चिप रियलटेकची, अण्णांचं कर्नल ५.१५; असल्या बऱ्याच चिपांचा यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्येच आला तो ६.२ पासून, २०२३ साली. दोनदा काकू जेवायला बोलावून गेल्या. "घावलं न्हाई अजून," अण्णा दोन्ही वेळा म्हणाले, आणि काय सांगू, सुरात इतकी तृप्ती जेवणानंतरही नसते.

नवं कर्नल त्याच मोबाईलच्या नेटवरून उतरलं. रात्री अकराला डोंगलचा निळा दिवा लुकलुकला. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा मात्र लेकीची पाठवणी केल्यासारखे बसून राहिले.

सकाळी कुंपणापाशी गाठ पडली.

"तुमचा प्रिंटर कसा चालतोय?"

"झकास."

"लिनक्सवर लावून बघितलाय काय कधी?"