थ्री-सेव्हंटी-फाइव्ह आणि तिळाचं तेल

मामांनी आयुष्यात एकदाच बंदूक चालवली, तीही जत्रेतली, फुगे फोडायची. दहा छर्ऱ्यांत एक फुगा फुटला, आणि तोही उन्हानं फुटला असं दुकानदाराचं म्हणणं पडलं. पण त्यांचा पुतण्या नैरोबीला नोकरीला लागला, फोनवर सहज "या एकदा" म्हणाला, आणि त्या दिवसापासून मामा आफ्रिकेत शिकारीला निघाले ते निघालेच.

तीन महिने घरात रायफलींखेरीज विषय नाही. मामांचा जीव जडला होता हॉलंड अँड हॉलंडच्या थ्री-सेव्हंटी-फाइव्ह मॅग्नमवर. 1912 सालचं काडतूस, 19 ग्रॅमची गोळी, हरणापासून हत्तीपर्यंत कशालाही चालते. मध्येच मन दुनळीकडे ओढ घ्यायचं. फोर-सेव्हंटीची गोळी 32 ग्रॅमची, शिवाय पहिला बार हुकला तर दुसरा तयार. "पण वजन पाच किलो," मामाच स्वतःला अडवत, "आणि धक्का असा की खांदा निखळायचा." घरात पाच किलोचा दळणाचा डबा मामी त्यांना उचलू देत नाहीत, मणक्यामुळे.

मी आपलं वाचलेलं सांगितलं, की बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्यानं हजारावर हत्ती लोळवले ते बहुतेक सात मिलिमीटरच्या हलक्या रायफलीनं. "अरे, त्यानं हत्तीच्या कवटीचा अभ्यास केला होता," मामा म्हणाले, "मेंदू नेमका कुठे ते त्याला ठाऊक. मला चाळीस वर्षांत तुझ्या मामीच्या डोक्यात काय चाललंय ते कळलं नाही."

अपघातांसाठी वेगळी दोनशेपानी वही होती. साप, मगर, मलेरिया, जखमी रेडा उलटणं, प्रत्येकाला स्वतंत्र पान. हेमिंग्वेला तर आख्खं प्रकरण दिलं होतं. या गृहस्थांना पहिल्या सफारीत आमांश झाला आणि विमानानं नैरोबीला हलवावं लागलं. दुसऱ्या खेपेला, 1954 च्या जानेवारीत, युगांडात लागोपाठ दोन दिवसांत दोन विमानं पडली. जगभर मृत्यूच्या बातम्या छापून आल्या आणि त्या त्यांनी स्वतः वाचल्या. यातून मामांनी काढलेला धडा लाल शाईत होता : 'लागोपाठ दोन दिवस विमानात बसू नये.'

मामींनी वही शांतपणे चाळली. "जायचं तर जा. पण आधी तिरुनीलक्कुडीला तेल घालून या."

मामींचं माहेर कुंभकोणमचं. तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ तिकडे गेलेली माणसं. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव जन्मले त्याच गावात. घरात अजून मराठी बोलतात, पण ती ऐकताना आपणच परप्रांतीय वाटतो. तिरुनीलक्कुडीचा महादेव नीलकंठ. हलाहल प्यायल्यावर घशाची आग शमावी म्हणून त्याला तिळाच्या तेलाचा अभिषेक, आणि कितीही घागरी ओता, पिंडी ते पिऊन टाकते असं म्हणतात. इथे तेल घातलं की अपमृत्यूचं भय जातं, अशी श्रद्धा. थोडक्यात, मामांच्या दोनशे पानांचं काम एका बाटलीत.

चेन्नईच्या एग्मोरहून रात्रीची गाडी, सकाळी कुंभकोणम, पितळी डबऱ्यात फेसाळलेली डिग्री कॉफी. कॉफीवर मामांनी तीन पेले वेळ काढला. मग रिक्षानं कारैकालच्या रस्त्याला पंधराएक किलोमीटर, दोन्हीकडे भाताची खाचरं. सोबत मामींचे थोरले भाऊ. मंदिरासमोर उतरलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि दाराला हातभर कुलूप होतं.

देव दुपारी झोपतो. तिकडच्या बहुतेक देवळांत झोपतो, हे मेहुण्यांना जन्मापासून ठाऊक होतं. त्यांना वाटलं, आम्हालाही असेल. मगरीला पान होतं, कुलपाला नव्हतं.

साडेतीन तास ओसरीवर काढायचे. डास दिवसाढवळ्या. मामा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते, नेम जत्रेतलाच. वेळ जावा म्हणून मी ग्वाल्हेरच्या शिंद्यांची गोष्ट काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव महाराजांनी लॉर्ड कर्झनच्या सल्ल्यावरून थेट अबिसिनियाहून सिंह मागवले. काही वाटेतच मेले. उरलेले श्योपूरकडच्या जंगलात सोडले, तर ते गुरांवर आणि पुढे माणसांवर घसरले. शेवटी त्यांनाच गोळ्या घालाव्या लागल्या. आफ्रिका घरी आणली, बंदुकाही होत्या, अपघाताची वही तेवढी कोणी केली नव्हती. मामांना ही गोष्ट फार आवडली.

मेहुणे इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "भाऊजी, नैरोबी म्हणजे केनियाच ना? तिथे शिकार 1977 सालीच बंद झाली."

मामांच्या हातून एक डास निसटला. त्यांनी वही काढली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटली, आणि मिटली. "रायफल कोणती घ्यावी हे मात्र पक्कं झालं होतं," एवढंच म्हणाले.

चारला दार उघडलं. शैव संत अप्परस्वामींना दगडाला बांधून समुद्रात टाकलं, तो दगडच तराफा होऊन तरंगला, आणि याच तिरुनीलक्कुडीच्या देवावरच्या पदात त्यांनी ते गायलं, हे गुरुजींनी सांगितलं. मामांनी वही उघडून 'दगड' असं लिहून घेतलं. मग तेल घातलं. बाटलीभर तेल पिंडीवरून हळूहळू उतरलं आणि दिसेनासं झालं. मामा बराच वेळ बघत उभे होते, एक अक्षर न बोलता. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

पुढल्या महिन्यात मामा नैरोबीला जाऊन आले. रायफलीऐवजी कुंभकोणमलाच घेतलेला नवा कॅमेरा नेला होता. त्याचा चार्जर अजून तिथेच, मेहुण्यांच्या मागच्या खोलीत, भिंतीला लटकलेला आहे.