जीर्णोद्धारक

जीर्णोद्धारक हा शहरी व निमशहरी महाराष्ट्रात आढळणारा पगारदार पुरुष असून, वर्षानुवर्षे बंद पडलेली मोटारसायकल घरच्या घरी आणि ठरलेल्या पैशांत चालू करता येते, अशी त्याची श्रद्धा असते. वय साधारणतः पस्तीस ते पंचावन्न. ओळखीची खूण म्हणजे नखे. त्यांच्या कडेची काळी रेघ लग्नकार्यातही जात नाही. त्याच्यापाशी एक दोनशेपानी वही असते. पहिल्या पानावर ‘एकूण बजेट २५,०००’ हे शब्द दोनदा अधोरेखित केलेले असतात आणि पुढच्या पानांवर जमा व खर्च असे दोन रकाने आखलेले असतात. जमेचा रकाना कोरा राहतो.

या वर्गाचे पोटभेद गाडीवरून पडतात. आरएक्स १०० वाला उतावळा असतो. राजदूतवाला बहुधा शेतकऱ्याचा मुलगा असून त्याला वडिलांची गाडी चालू करायची असते, म्हणून त्याची थट्टा करू नये. बुलेटवाल्याकडे पैसे असतात. तो या नोंदीच्या कक्षेत येत नाही. अभ्यासाला सर्वांत सोयीचा तो येझदीवाला. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९९६ साली उत्पादन थांबवले, त्यामुळे तिथली सर्वांत धाकटी येझदीही आता लग्नाच्या वयाची झाली आहे. ‘जावा’ हे नाव यानेचेक या चेक कारखानदाराच्या आणि वाँडरर या जर्मन कंपनीच्या पहिल्या अक्षरांतून १९२९ साली बनले, ही माहिती येझदीवाल्याच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या आधी मिळते.

गाडी टेम्पोतून आणि शक्यतो अंधार पडल्यावर येते. ती आठ हजारांना घेतलेली असते, घरी पाच सांगितलेले असतात आणि वहीत सहा लिहिलेले असतात. या सहाचा उगम संशोधकांना सापडलेला नाही.

आलेल्या गाडीचा पिस्टन जाम असतो. जीर्णोद्धारक प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओततो आणि आठवडाभर वाट पाहतो. कैरीच्या लोणच्याची बरणी पाहावी तसा तो रोज सकाळी सिलिंडरमध्ये डोकावतो. किकचा दांडा इंचभर हलला की सोसायटीतल्या ओळखीच्यांना ती बातमी कळवण्यात येते.

मात्र त्याच्या काटकसरीचा खरा पुरवठादार स्वयंपाकघर होय. टाकीतला गंज काढण्यासाठी लिंबूफूल गरम पाण्यात विरघळवून टाकीत भरतात, आत मूठभर नट टाकतात आणि टाकी हलवतात. आंबटपणा मारण्यासाठी नंतर ती खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी लागते आणि ताबडतोब वाळवावी लागते, नाहीतर ताजा गंज धरतो. इथे बायकोचा हेअर ड्रायर कामी येतो. बेअरिंगचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. ॲल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून इंजिनाची केस तापवली आणि बेअरिंग थंड केले, तर ते हातोडीशिवाय जागेवर बसते. परिणामी केस इडलीच्या कुकरमध्ये जाते आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. नंतर महिनाभर इडलीला ग्रीसचा वास येतो, तो फक्त एकाच माणसाला येत नाही. येझदीला सिलिंडर एक असला तरी सायलेन्सर दोन असल्याने त्यांतली काजळी गच्चीवर दोनदा जाळावी लागते. सोसायटीची पहिली लेखी नोटीस याच सुमारास मिळते.

सुट्या भागांसाठी पुण्याचा जीर्णोद्धारक रविवारी जुन्या बाजारात आणि एरवी नाना पेठेत दिसतो, मुंबईचा कुर्ल्याला. तो कंडेन्सर आणायला जातो आणि दुसऱ्याच मॉडेलची हेडलाइटची रिंग घेऊन येतो, कारण ती स्वस्त मिळाली. ‘ओरिजिनल’ या शब्दाचा या व्यापारातला अर्थ ‘धूळ न पुसलेले’ असा आहे.

काही कामे घरी होत नाहीत. झिजलेला सिलिंडर लेथवाल्याकडून बोअर करून त्यात मोठा पिस्टन घालावा लागतो. क्रोम तर बाहेरच करावे लागते, आणि वहीतले अक्षर इथून पुढे बारीक होत जाते.

यानंतर कागदपत्रे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. गाडी नावावर करायला मूळ मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३०, नसेल तर ३१, आणि नूतनीकरणाला २५. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासताना मात्र जीर्णोद्धारक पुन्हा सातवीतला मुलगा होतो. गाडी पन्नाशी उलटलेली असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. जीर्णोद्धारक हा नियम दोनदा वाचतो आणि साध्या नोंदणीकडे वळतो.

गाडी सुरू होते ती साधारण तिसऱ्या वर्षी. येझदीत गिअर आणि किक यांचा दांडा एकच असतो. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, मारून झाली की पुन्हा गिअर. हे माहीत नसलेल्या मेव्हण्याला ती सुरू करता येत नाही, आणि हा तिचा सर्वांत मोठा गुण मानला जातो. पेट्रोलमध्ये लिटरमागे चाळीस-पन्नास मिली ऑइल मिसळलेले असल्याने पहिल्या किकेसरशी निळसर धूर चौथ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींपर्यंत पोहोचतो. दुसरी नोटीस.

पहिली फेरी पेट्रोल पंपापर्यंतच असते. तिथे साठीचे एक गृहस्थ स्कूटर बाजूला लावून येतात, टाकीवरून हात फिरवतात, “माझ्याकडे होती, उगाच विकली,” म्हणतात आणि जरा थांबून “कितीला देणार?” असे विचारतात. जीर्णोद्धारक दुखावल्यासारखा चेहरा करून नाही म्हणतो. ते जाता जाता एक आकडा बोलतात. त्या रात्री तो आकडा, शिसपेन्सिलीने का होईना, वहीतल्या जमेच्या रकान्यात लिहिला जातो.