त्रैवार्षिक आराखडा, मुक्काम लोणखेडा

आरोग्यहक्कांवर काम करणाऱ्या छोट्या संस्थेचं नियोजन म्हणजे पुढची 3 वर्षं काय करायचं नाही, हे ठरवणं. करायच्या कामांची यादी शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात चहा उकळेपर्यंत तयार होते: कुपोषण, सिकलसेल, सर्पदंश, व्यसनमुक्ती, आणि एका सभासदाचा हट्ट म्हणून योगासनं. संस्था नोंदवायला 1860च्या कायद्याप्रमाणे किमान 7 जण लागतात. त्यांत एक निवृत्त गुरुजी, एक डॉक्टर, एक मोटारसायकलवाला तरुण, बाकीचे सहीपुरते. म्हणजे मनुष्यबळ जेमतेम दीड, आणि त्यालाही पेट्रोल लागतं.

आराखड्यात पहिलं उद्दिष्ट बहुधा 'सक्षमीकरण' असतं, कारण निधी देणाऱ्याच्या तक्त्यात ते छान बसतं. याहून शहाणा नमुना जिल्ह्यातच आहे. 2007 साली राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या 5 जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावकऱ्यांनी माहिती गोळा करायची, सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत साहेबांना जाब विचारायचा. तिथे 'सक्षमीकरण का झालं नाही?' विचारलं, तर कुठलेही साहेब प्रसन्नपणे मान डोलावतील. 'उपकेंद्र दर मंगळवारी बंद का?' म्हटलं, की पंख्याखालीही रुमाल निघतो. आराखड्यात असे रुमाल काढणारे प्रश्न हवेत. शस्त्रं सरकारनेच दिलेली आहेत: आदिवासी भागात 3 हजार लोकसंख्येमागे उपकेंद्र, 20 हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र.

मुदत ठरवताना मात्र उत्साह आवरावा लागतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023ला सुरू झाली, लक्ष्य 2047चं. केंद्र सरकारने स्वतःला 24 वर्षं दिली. छोटी संस्था 3 वर्षांत 'सिकलसेलमुक्त जिल्हा' लिहून मोकळी होते. आजार आईबापांकडून जनुकांतून येतो, तो ठरावाला दाद देत नाही. तपासणी झालेल्याला निकाल कळला का, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या तालुक्याला मिळतात का, एवढं धरून बसलं तरी 3 वर्षं पुरत नाहीत.

वेळापत्रकाची गंमत वेगळीच. कागदावरचं वर्ष एप्रिल ते मार्च. सातपुड्यातल्या पाड्यांचं तसं नाही. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. त्यामुळे जानेवारीतल्या 'जनजागृती सभां'ना म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढीच उपस्थिती. जाणता नियोजक होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार गाठतो. ढोलाच्या गजरात भाषण ऐकू जात नाही, हा संस्थेचा नाही तरी श्रोत्यांचा फायदाच.

पैशांचा रकाना लवकर भरतो, कारण पैसे नसतात. जबाबदारीच्या रकान्यात 'समिती' लिहू नये, माणसाचं नाव लिहावं; समितीचं काम शेवटी मोटारसायकलवाल्याच्याच गळ्यात पडतं. त्याला सुरतेत नोकरी लागली, की आराखडा नव्याने मांडायचा. तो विश्वस्त असेल, तर 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्टही द्यायचा.